खरं असेल तेच म्हणीन

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली, माझी मोठी बॅग कशीबशी सीटखाली कोंबून झाली, आणि आई खिडकीखाली उभी राहून मला म्हणाली, “आय ॲम गोइंग टू मार्केट.”

आजूबाजूची माणसं हसली. मागच्या सीटवरच्या एका भाऊंनी मान बाहेर काढून कोण बोललं ते पाहिलं. मला मात्र रागच आला. मी ऑस्ट्रेलियाला चालले होते. परत कधी येईन ते मलाही माहीत नव्हतं. अशा वेळी आया रडतात, निदान सांभाळून राह म्हणतात. माझी आई मला बाजाराला चाललेय म्हणून सांगत होती, आणि तेही इंग्रजीत! माझा चेहरा पाहून तिने हातातली पिशवी वर करून दाखवली. पिशवीत चारोळी होती, अख्खा उन्हाळा जंगलात फिरून गोळा केलेली. बाजाराचा दिवस होता. मला गाडीत बसवून तिला खरोखरच बाजारात जायचं होतं.

गाडी हलली तेव्हा ती गर्दीत वळलेलीही होती. त्या दिवशी तिला इंग्रजीत जेवढं खरं बोलता येत होतं तेवढं ती बोलली, हे कळायला मला फार उशीर लागला.

माझं इंग्रजी असं होतं की नागपूरला नर्सिंगला असताना मी उत्तरं पाठ करून पास झाले होते. परीक्षेपुरतं ठीक. पण परदेशात नोकरी हवी तर बोलायची परीक्षा द्यावी लागते, तिथे पाठांतर उपयोगाचं नाही. म्हणून हैदराबादच्या हॉस्पिटलमधली नोकरी सोडून सहा महिने घरी येऊन बसले. लग्न झालेलं होतं. नवरा बिजू, केरळचा, त्याच हॉस्पिटलातला नर्स, माझ्या आधीच मेलबर्नला गेलेला. बाबा मी नववीत असतानाच गेले होते, त्यामुळे घरात आई आणि मी, दोघीच. ब्रह्मपुरीच्या स्टँडवरच्या दुकानातून मी एक पातळ पुस्तक आणलं होतं. एक शब्द, त्याचा अर्थ, खाली रोजच्या वापरातलं एक वाक्य. अशी शंभरेक पानं. मी ओसरीत फेऱ्या मारत मोठ्याने म्हणायचे आणि आई चुलीपाशी बसून ऐकायची.

आई चौथी शिकलेली. पण कान फार तिखट. दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा माझ्याबरोबर म्हणायची. पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. शब्द होता मांजर, वाक्य होतं, ‘द कॅट इज ऑन द टेबल.’ मी म्हटलं, म्हण. तिने अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर घरभर नजर फिरवली.

“आपल्या घरी ना टेबल, ना मांजर,” ती म्हणाली. “मी काऊन म्हणू?”

“आई, वाक्य हाये ते निसतं.”

“असन वाक्य. खरं असन तेच म्हणीन मी.”

आणि एकदा सोडलं तर तो नियम तिने कधी मोडला नाही. मी पुस्तकातलं वाक्य सांगायचे, ती ते उलटसुलट करून घरात बसतंय का पाहायची, बसलं तरच तोंडात घ्यायची. ‘माय फादर इज अ डॉक्टर’ तिने साफ धुडकावून लावलं. ‘द डोअर इज ओपन’ मात्र दिवसातून दहादा म्हणायची, कारण आमचं दार उघडंच असायचं. ‘आय ॲम गोइंग टू मार्केट’ ती बाजारच्या दिवशीच म्हणायची, एरवी नाही. मी हसायचे. तिला शिकण्याची हौस आहे, एवढंच मला वाटायचं.

खरी गरज नंतर पडली, तारा झाल्यावर. आमच्या घरात बिजूला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही. आमच्या दोघांच्या मधली भाषा इंग्रजी, आणि ती दोघांचीही नाही. पोरीने तीच उचलली. मी सुरुवातीला प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू, पण वृद्धाश्रमात पाळ्या करून यायचं, चाळीस म्हाताऱ्यांना ‘आर यू कम्फर्टेबल’ विचारून जीभ वाळलेली असायची, घरी आल्यावर पोरीशी जी भाषा पटकन निघेल ती निघायची. ताराला मराठीतलं एकच वाक्य यायचं, ‘जयभीम आजी’. त्याच्यापुढे दोघी फोनच्या पडद्यावर एकमेकींकडे बघून हसायच्या आणि मग दोघीही माझ्याकडे बघायच्या. मी हिचं तिला सांगायचे, तिचं हिला. आईला ते मुळीच आवडायचं नाही.

“नातीशी बोलाले तू मधात काऊन पाह्यजे?” ती एकदा म्हणाली. “मले शिकव. ते इथी येईन तवा मी एकटी बोलीन तिच्याशी.”

मग फोनवर शाळा सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मी तेच पातळ पुस्तक बॅगेतून काढलं. एक शब्द, एक वाक्य, आणि तोच जुना नियम. ‘टुडे नो कफ.’ ‘गोट हॅज ईटन माय रोप.’ ‘रेन केम इन किचन.’ ‘शेवंता इज अँग्री.’ शेवंता म्हणजे शेजारची शेवंता मावशी, जी बहुतेक रोजच कशावर तरी चिडलेली असायची, म्हणून ते वाक्य आईच्या फार कामी आलं. हॅपी हा शब्द शिकवला तेव्हा आई म्हणाली, पाहीन मंग म्हणीन. आणि तो शब्द तिने तसाच बाजूला ठेवून दिला, वर्षभर.

आता एक गोष्ट सांगते, जी बाहेर गेलेल्या सगळ्यांना माहीत आहे. फोनवर आपल्या आया खोटं बोलतात. आमच्या बोलीत मी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, “सगळं बरं हाये, तू नको काळजी करू.” ताप असला तरी बरं, कौलं उडाली तरी बरं. तीस वर्षांची सवय. पण इंग्रजीत तिला खोटं बोलताच येत नव्हतं. स्वयंपाकघर गळतंय हे मला त्या चार इंग्रजी शब्दांतून कळलं. खोकला आधी होता हे ‘आज खोकला नाही’ म्हणाल्यावर कळलं. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की आईची तब्येत जाणून घ्यायची तर तिला एक इंग्रजी वाक्य म्हणायला लावायचं. मला ते मोठं हुशारीचं वाटायचं.

आता मोहाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे चैत्रात मोहाची फुलं पडतात. पहाटे पडतात, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खातात. गावाबाहेर जंगलाच्या कडेने झाडं आहेत आणि प्रत्येक झाड एकेका घराचं. कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवत नाही. आमचं झाड सगळ्यात शेवटचं, टेकाडाला लागून. बायका मिळून जातात, मग आपापल्या झाडाखाली पांगतात. खाली वाकून वेचणारी बाई दुरून चार पायांच्या जनावरासारखी दिसते, आणि जंगलात तो असतो. त्याचं नाव आमच्याकडे जंगलात घेत नाहीत, तो एवढंच म्हणतात. म्हणून आमच्या बायकांची एक रीत आहे. सगळ्यात वडील बाई पहिल्या झाडाखालून हाक देते, “हायेस का वंऽऽ?” दुसऱ्या झाडाखालची म्हणते “हाव!” मग तिसरी, मग चौथी, अशी हाक शेवटच्या झाडापर्यंत जाते. थोडा वेळ गेला की पुन्हा. ज्या झाडाखालून ‘हाव’ आलं नाही तिकडे सगळ्या टोपल्या टाकून, आरडाओरडा करत पळायचं.

मी दहा वर्षांची असताना एकदा गंमत म्हणून गप्प बसले. आई थोडी लांब लाकडं वेचत होती आणि झाडाखाली मी होते. हाक आली, मी तोंड दाबून हसत राहिले. मग काय झालं ते मला आजही दिसतं. आठ बायका झाडीतून काठ्या घेऊन, किंचाळत माझ्यावर धावून आल्या, लुगडी काट्यांत फाटलेली, शेवंता मावशीच्या पायातून रक्त येत होतं. मी हसतेय हे पाहून तिने माझ्या थोबाडीत अशी मारली की कान दिवसभर वाजत होता. आईने तिला अडवलं नाही. उलट म्हणाली, “बरं केलं.” त्या सकाळी सगळ्यांची फुलं जनावरांनी खाल्ली आणि एकही बाई त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

आमचं गाव खोलगट जागेत आहे, तिथे फोनला रेंज धड मिळत नाही. रेंज येते ती टेकाडापाशी, म्हणजे नेमकी आमच्या झाडाखाली. हे आईच्या लक्षात आलं आणि तिने शाळेची वेळ बदलली. मोह वेचता वेचता शिकायचं. तिच्याकडे उजाडत असायचं, माझ्याकडे सकाळचे दहा. स्पीकर लावून फोन पोलक्यात खोचायचा आणि वाकून वेचत मोठमोठ्याने वाक्यं म्हणायची. ती जास्त वाकली की आवाज जायचा, उभी राहिली की यायचा. मला सवय झाली होती. बायकांनाही झाली. त्या तिला साहेबीन म्हणायच्या. शेवंता मावशी हाक देण्याऐवजी तिकडून “गूड मारनिंग” ओरडायची आणि सगळ्या हसायच्या. आणि हळूहळू असं झालं की हाक आठव्या झाडापर्यंत यायची आणि थांबायची. सुमनला काय विचारायचं, तिचं इंग्रजी ऐकू येतंच आहे. माझ्या आईचं नाव सुमन.

दोन मोहाचे हंगाम असे गेले. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हसले असते का घाबरले असते, मला माहीत नाही.

या वर्षी मे महिन्यात आम्ही तिघं गावी जाणार होतो. तिकिटं काढली त्या दिवशी आईने विचारलं, “ते हॅपीवालं कसं होतं वं?” मी सांगितलं. तिने ते एकदाच म्हटलं आणि दुसरीकडे तोंड वळवलं. ताराला काय काय दाखवायचं ते तिचं ठरलेलं होतं, विहार, तलाव, शेळ्या आणि आपलं झाड. त्यासाठी ती वाक्यं मागत होती. ये, बस. भूक लागली का? हे आपलं झाड.

तो शनिवार होता. तारा टेबलाशी टोस्ट खात होती, आजी झाडाखाली होती. आई म्हणाली, पोट्टी जंगल पाहून भ्याली तर काय म्हणू? मी पुस्तक चाळलं. अफ्रेड, म्हणजे भ्यालेला. वाक्य, ‘आय ॲम नॉट अफ्रेड.’ मी भीत नाही. मी म्हटलं, आधी तू हे म्हण, मग तिला म्हणायला लाव.

आई म्हणाली, “आय ॲम अफ्रेड.”

“नॉट राह्यला, आई. आय ॲम नॉट अफ्रेड.”

टोपलीत फुलं पडल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा, पहिल्यापेक्षा सावकाश म्हणाली, “आय ॲम अफ्रेड.”

मला घाई होती. कपड्यांचा ढीग पडला होता, दुपारची पाळी होती. मी म्हटलं, “काय करून राह्यली, आई? नॉट म्हण ना. मले मशीन लावाची हाये.”

तिने म्हटलं. मोठ्याने, अगदी स्वच्छ. “आय ॲम नॉट अफ्रेड.”

“व्हेरी गुड,” मी म्हटलं. “आता पाच वेळा म्हण.”

मी कपडे मशीनमध्ये टाकायला लागले. पाच वेळा काही आलं नाही. मी हाक मारली, आई, वाकली का? दोनतीनदा हॅलो म्हटलं. रेंज गेली, नेहमीसारखी. ताराने विचारलं, आजी गेली का? मी म्हटलं, हो, नेटवर्क गेलं. आणि मीच फोन बंद केला.

वीस मिनिटांनी शेवंता मावशीच्या पोराच्या फोनवरून फोन आला. बोलत मात्र मावशी होती. “वंदू,” ती म्हणाली, “खाली बस आधी.” मी उभीच राहिले. “तुही माय गेली वं. त्याने नेली.”

मशीन फिरत होतं. मला आठवतंय, मी आधी मशीन बंद केलं.

मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. उरकणं भाग होतं, उन्हाळा होता, आणि मी तिसऱ्या दिवशी पोचले. जलदान विधी तेवढा माझ्यासाठी थांबवला होता. विहारात गाव जमलं होतं. मी पुढे बसले, लोक येऊन डोक्यावर हात ठेवत होते, आणि मला एकच विचारायचं होतं, हाक दिली नव्हती का, पण ते सगळ्यांसमोर विचारता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मावशी आमच्या ओसरीत येऊन बसली. तिने आपणहून सांगितलं. आठ दिवसांपासून तो नाल्याकाठी दिसत होता. वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले होते, उजाडल्याशिवाय जाऊ नका. बायका तरी गेल्या, दरवर्षी जातात तशा.

“तुही माय म्हणे, भेव लागून राह्यलं शेवंता,” मावशी म्हणाली. “मी म्हटलं, मंग नको येऊ. तं म्हणे, येतो, पोरीचा फोन येते. अन् वंदूले काई सांगजो नोको म्हणे.”

“आमाले आवाज येत होता तिचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं काईतरी म्हटलं तिनं इंग्रजीत. मंग गप झाली. आमाले वाटलं, आता पोट्टी बोलत असन तिकून, ते आयकून राह्यली असन. म्हणून हाक नाई देल्ली.”

त्यांना वाटलं ती माझं ऐकते आहे. मला वाटलं रेंज गेली. दोन्हीकडच्या माणसांना वाटत होतं की ती दुसरीकडच्यांशी बोलते आहे, आणि त्या वेळात ती कोणाशीच बोलत नव्हती. आई जवळच पडली होती, झाडापासून वीस पावलांवर. हाक दिली असती तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. मावशीलाही नाही. पण आठ बायका किंचाळत धावून आल्या की तो पळतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे.

मी तिला सांगितलं की आई दोनदा खरं बोलली होती आणि दोन्ही वेळा मी तिचं चुकलं म्हणून सांगितलं. मावशीला इंग्रजीतलं ते वाक्य कळणं शक्य नव्हतं, मी अर्थ सांगितला. तिने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, “मावशी, लहानपणी मारली होती तशी मार ना मले.”

“कोनाकोनाले मारू?” ती म्हणाली. “पयले मले सोताले मारा लागन.”

तिने मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्या घरात मी आठ दिवस राहिले आणि मला कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. सगळ्यांनी मला जेवू घातलं, चहा आणून दिला, विमानाचं विचारलं. पाहुणीला कोणी रागवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बायका पुन्हा मोहाला गेल्या. फुलं पडायची थांबत नाहीत. आता मात्र ऊन वर आल्यावर, काठ्या घेऊन, फोन घरी ठेवून. मी बरोबर गेले आणि आमच्या झाडाखाली उभी राहिले. खाली फुलं कुजून काळी पडली होती. शेवंता मावशीने पहिल्या झाडाखालून हाक दिली, हायेस का वंऽऽ? दुसऱ्या झाडाचं हाव आलं, तिसऱ्याचं आलं, चौथ्याचं. आठव्याचं आलं. मग माझी पाळी होती आणि आवाज फुटेना. तिकडे कोणीच हलत नव्हतं, पानाचा आवाज येत नव्हता, सगळ्या थांबल्या होत्या. शेवटी मी ‘हाव’ म्हटलं, कसंतरी. माझा आवाज आईसारखा आहे असं लोक म्हणतात. पहिल्या झाडाखालून मावशीचं रडणं तिथवर ऐकू आलं.

आता मी मेलबर्नला आहे आणि कामावर जाते. वृद्धाश्रमात प्रत्येक पलंगाला घंटी आहे. घंटी वाजली की आम्ही जातो. जी घंटी दिवसभर वाजत नाही, तिच्या खोलीत मी हल्ली आधी जाऊन पाहते. बरोबरच्या पोरी म्हणतात, ती बाई झोपली आहे, कशाला उठवतेस. मी तरी दार उघडून ‘आर यू देअर’ विचारते आणि उत्तर येईपर्यंत उभी राहते. काही म्हाताऱ्या चिडतात, चिडू देत. बाहेर निघून आलेल्या माझ्यासारख्यांना मला एवढंच सांगायचं आहे की फोनवर आई गप्प झाली तर रेंज गेली असं इतक्या लवकर धरून चालू नका. आणि गावी राहिलेल्यांनो, आमच्याशी बोलतेय म्हणून तुमची हाक थांबवू नका. आम्ही खूप लांब आहोत. आम्हाला फक्त आवाज येतो.

इंग्रजीचं ते पुस्तक मी फेकलं नाही. फेकायला काढलं होतं, तर ताराने मागून घेतलं. तिला आता उलटं शिकायचं आहे, इंग्रजी शब्द वाचायचा आणि मला मराठी विचारायचं. आजीचा नियम तिला कसा कळला माहीत नाही, पडद्यावर ऐकून ऐकून कळला असेल. मी ‘मांजर टेबलावर आहे’ म्हटलं तर तिने टेबलाकडे पाहिलं आणि ‘नो’ म्हणाली. मग ‘टोस्ट टेबलावर आहे’ म्हणाली. तो होता.

परवा शब्द आला होम. मी सांगितलं, घर. आता तूच वाक्य कर. तिने बराच विचार केला. हे घर, माझं घर, असं काहीतरी येईल म्हणून मी वाट पाहत होते. पण ज्या घरात आम्ही राहतो त्याला तिने माझ्या तोंडून कधी घर ऐकलंच नव्हतं. मी घर म्हणायचे ते फोन हातात घेऊन, घरी फोन लावते, घरी बोलते, घरी काय झालं बघते. सात वर्षं तिने तेच ऐकलं.

ती म्हणाली, “आईचं घर फोनमधी होतं.”

‘फोनमधी’ तिने आजीचं उचललं होतं, पुस्तकात ‘फोनमध्ये’ असतं. ती माझ्याकडे बघत थांबली, मी चूक सांगेन म्हणून. मी काही दुरुस्त केलं नाही. म्हटलं, बरोबर आहे, आणि पुढचं पान उलटलं.